चरखा गेला, सूतही गेलं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री वस्तीतला झेंडा धुऊन इस्त्री कोण करतं? आपणच. दोरी ओढायला मात्र सकाळी पाहुणे येतात. म्हणून म्हटलं, आज झेंड्याबद्दलच बोलू.

२२ ऑगस्ट १९०७ला जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाईजी कामांनी हिंदी स्वातंत्र्याचा झेंडा फडकावला. तेव्हा तो हिरवा, पिवळा, तांबडा होता. १९२१मध्ये बेजवाड्याला पिंगली व्यंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरवा नमुना दाखवला. त्यात पांढरा पट्टा आणि चरखा आला. १९३१ला काँग्रेसनं लालाच्या जागी केशरी घेतला आणि रंगांचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही असं सांगितलं. रंगांवरून तेव्हाही भांडणं झाली. मला आज त्यात शिरायचं नाही. मला बोलायचंय चरख्याबद्दल, कारण त्या सगळ्या झेंड्यावर बाईच्या रोजच्या हातातली वस्तू ती एकच होती.

२२ जुलै १९४७ला घटना समितीत नेहरूंनी ठराव मांडला आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. कारण दिलं की चरखा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही. ठरावात मात्र लिहिलंय की हे चाक चरख्याचंच प्रतीक आहे! गांधीजींना हा बदल रुचला नव्हता. पुढं चौदा ऑगस्टच्या मध्यरात्री हंसाबेन मेहतांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं घटना समितीला झेंडा अर्पण केला. आपल्यापैकी कितीजणींना हे शाळेत शिकवलं? मला तरी नाही.

झेंड्यावरून चरखा गेला, तरी नियमात सूत राहिलं. झेंडा हातानं कातलेल्या, हातमागावर विणलेल्या खादीचाच हवा, असा नियम होता. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला खादी ग्रामोद्योग संघ असे अधिकृत झेंडे बनवतो. कापड धारवाडजवळच्या गरगला विणलं जातं. कातणाऱ्या, शिवणाऱ्या बहुतेक बायकाच. शिलाई तिरकी गेली, आरे पुसट छापले, की झेंडा बाद.

३० डिसेंबर २०२१ला केंद्र सरकारनं ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर बनवलेला, पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. २०२२मध्ये घरोघर झेंडा लावायची मोहीम निघाली, तेव्हा बेंगेरीच्या संघानं या बदलाचा जाहीर निषेध केला. कुणी म्हणेल, स्वस्त झेंडा गरिबाच्या घरी पोचला, त्यात वाईट काय? प्रश्न खोटा नाही. घरावर झेंडा लावायचा हक्क सगळ्यांचाच. पण तो स्वस्त झाला तो कुणाची मजुरी कापून, हेही विचारायला नको का?

आणि इथं आपलीही गोष्ट येते. त्या वर्षी आमच्या बचत गटातल्या बायकांनी पॉलिएस्टरचे झेंडे शिवले. आयतं कापलेलं कापड यायचं, नगावर पैसे. रात्र रात्र मशीन चालली. हाताला काम मिळालं म्हणून आम्ही खूश होतो, मीही होते. बेंगेरीच्या बायकांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काम दोन आठवड्यांत संपलं. दर कुणी ठरवला, ते आजतागायत कळलेलं नाही. देणारा म्हणाला वरून आलाय.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गटाला त्या वर्षी नगामागे किती मिळाले, तेवढं विचारून या. वहीत लिहिलेलं असेल तर वहीच आणा.