मित्राची लढाई, मित्राच्या घरातल्या आया

(महिला दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



१९१७ साली आजच्याच दिवशी, ८ मार्चला, पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका संप करून रस्त्यावर आल्या. त्यांना भाकरी हवी होती आणि लढाई थांबायला हवी होती. आठवड्याभरात झार गेला. तेव्हा आज मी रशियाबद्दल बोलले तर ते विषयांतर ठरू नये.

रशिया आपला जुना मित्र. १९७१ चा करार आपल्या आईवडिलांच्या पिढीला अजून आठवतो. मित्राच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला की आपण पडदा ओढून घेतो. अफगाणिस्तानच्या प्रश्नावर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपण तटस्थ राहिलो, युक्रेनवर २०२२ मध्येही तटस्थच.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तिथले सत्ताधारी लढाईचं बदलतात. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात फौजा घुसल्या, निर्णय पॉलिटब्यूरोतल्या मूठभर वृद्ध पुरुषांचा. नाव काय, तर 'मर्यादित तुकडी'. ही मर्यादा नऊ वर्षं पुरली. सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले, अफगाण माणसं कित्येक लाख. जस्ताच्या सीलबंद पेट्या घरी यायच्या. आत आपलाच मुलगा आहे, हे आईनं विश्वासानं मानायचं.

१९९४ मध्ये चेचन्यात सैन्य गेलं ते 'घटनात्मक सुव्यवस्था' परत आणायला. संरक्षणमंत्री ग्राचोव्ह यांनी फुशारकी मारली होती, की ग्रोझ्नी शहर म्हणजे एका छत्रीधारी रेजिमेंटचं दोन तासांचं काम. अहो, दोन तासांत आपला पुरणपोळीचा स्वयंपाक उरकत नाही! ३१ डिसेंबरला रणगाडे शहरात शिरले आणि आतल्या नवशिक्या पोरांसकट जळाले. ती लढाई १९९६ पर्यंत चालली. २०२२ ची तर 'विशेष लष्करी कारवाई'. तिच्याबद्दल सरकारला खोटं वाटेल असं काही बोललात, तर १५ वर्षांपर्यंत कैद. बाईला हाडं मोडेस्तोवर मारलं तरी चौकीत 'घरगुती बाब' म्हणतात, हे ऐकत आलेल्या आपल्याला ही भाषा नवी नाही.

पण १९८९ मध्ये तिथे सैनिकांच्या मातांची समिती उभी राहिली. या बायका सैन्यातल्या छळाच्या तक्रारी घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत. १९९५ मध्ये त्यांनी मॉस्कोहून ग्रोझ्नीच्या दिशेनं पदयात्रा काढली. काही जणी तर सरळ चेचन्यात गेल्या, कैदेतला आपला मुलगा शोधला आणि हाताला धरून घरी आणला. जनरल लोकांना जे जमलं नाही, ते!

मात्र मला एक गोष्ट खटकते. बाई नागरिक म्हणून लढाईला विरोध करते तेव्हा ती देशद्रोही, आणि आई म्हणून रडली की तिचं थोडं तरी ऐकतात. आणि आई म्हणजे शांततावादीच, असंही नाही. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी अफगाण युद्धातल्या सैनिकांच्या आणि आयांच्या कहाण्या लिहिल्या, तर त्यातल्याच काही आयांनी मिन्स्कच्या कोर्टात त्यांना खेचलं. आपला मुलगा शूर म्हणून मेला, एवढीच त्या बायकांची उरलेली पुंजी होती. तीही पुस्तकानं हिरावली असं त्यांना वाटलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

आता आयांचीही सोय झाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुतिन यांनी निवडक मातांना चहाला बोलावलं. ज्या बायका पांढरे रुमाल बांधून अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुलं वाहत आणि आमचे नवरे परत पाठवा म्हणत, त्यांच्या संघटनेला मात्र २०२४ मध्ये 'परकीय हस्तक' ठरवण्यात आलं.

आणि हे सगळं फक्त खिडकीपलीकडचं राहिलेलं नाही. मदतनिसाची नोकरी म्हणून एजंटनं रशियाला नेलेले काही भारतीय तरुण आघाडीवर पोचले, काही मेले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांना मॉस्कोत हा विषय काढावा लागला. त्यातल्या कित्येकांनी रशियन भाषेतल्या, न वाचता येणाऱ्या करारावर सह्या केल्या होत्या. आपल्या वस्तीतून कुणाचा मुलगा असा परदेशी निघाला असेल, तर त्याच्या आईला तो कागद आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायला सांगा.