मला आवडलेले ख्रिस्ती लेखक
(मंडळाच्या वाचन-सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे आणि विदुषी तर नव्हेच. इयत्ता सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झाले आणि उंब्रजला आले. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी. "तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोला" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी ख्रिस्ती लेखकांची नावे घेतली. त्यांना जरा नवल वाटले. आमचे घर माळकरी, दर एकादशीला घरात हरिपाठ. आणि ही बाई ख्रिस्ती लेखकांवर बोलणार! पण खरे ते सांगावे, म्हणून उभी राहिले आहे.

मुलीच्या शाळेतून 'स्मृतिचित्रे' घरी आले. तिने वाचून ठेवले, ते मी दुपारी भांडी झाल्यावर हाती घेतले. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या, माहेरच्या गोखले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. ते ना. वा. टिळक, मोठे कवी. त्या बाईंनी १९३४ पासून आपल्या आयुष्याची हकीगत छापली, ती आजही लोक आवडीने वाचतात. मला तर सातवी झाली आहे, मग मी कमीपणा का मानावा, असे पहिल्यांदा वाटले ते तेव्हा.

टिळकांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळे आपले, पाणी आपले. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, याचा मनाशी विचार करीत राहिल्या. तो माणसाने केला हे पटले, तेव्हा शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हे वाचताना माझा हात थांबला. कारण आमच्या परड्यात, कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असे. भांगलणीला येणाऱ्या एका बाईंसाठी तो होता. तो कोणी ठेवला, का ठेवला, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा तो तिथे होता, म्हणून मीही त्यातच चहा ओतत आले. दुसऱ्या दिवशी मी तो फेकून दिला आणि घरातल्या कपात चहा दिला. त्या बाई काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन कप स्वतः विसळायला निघाल्या, तो मी हातातून घेतला. मला मात्र त्या रात्री फार लाज वाटली.

आता टिळकांविषयी. त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे आपल्या साताऱ्याशी जोडलेली आहेत. १९१७ साली त्यांनी तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला. जातपात आणि पंथ न विचारता तिथे सर्वांनी यावे, अशी त्यांची इच्छा होती. १९१९ साली ते वारले. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. म्हणून त्यांची भजने अभंगाच्या चालीची, टाळावर म्हणता येतील अशी आहेत. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम बायकोने तडीस नेले, हे आपल्याला काही नवीन नाही. फक्त ते बहुधा शेतातले असते, इथे ग्रंथातले होते!

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. संस्कृतात पारंगत अशा त्या बाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. पुढे केडगावला 'मुक्ती' उभे राहिले आणि दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला. सबंध बायबल त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणले, का तर शिक्षण नसलेल्या बाईलाही ते कळावे. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी ते काम त्यांनी संपविले होते. छपाईचे कामही 'मुक्ती'तल्या बायकांनीच केले.

रमाबाईंचे वाचले आणि माझी धाकटी जाऊ डोळ्यांपुढे आली. माझे दीर गेल्यापासून संक्रांतीच्या दिवशी ती आत चुलीपाशी बसे. तिळगूळ तीच वळी, आणि बाहेर कुंकू लावायला मी! ज्या संक्रांतीला मी तिला हाताला धरून बाहेर आणले आणि पहिले हळदीकुंकू तिला लावले, त्या दिवशी दोघी शेजारणी वाण न घेता उठून गेल्या. सासूबाई गप्प होत्या. रात्री म्हणाल्या, "आगं, ही किरिस्तावांची पुस्तकं वाचून तू बाटशील बघ." मी म्हटले, "आत्याबाई, तुकोबांनी तरी कुणाला आत बसायला सांगितलंय का?" त्यांनी उत्तर दिले नाही. पण पुढच्या संक्रांतीला कुंकवाचा करंडा त्यांनीच जावेच्या हाती दिला.

मला पुष्कळजणी विचारतात, या पुस्तकांनी तुझी श्रद्धा ढळली का? भगिनींनो, मी आजही माळ घालते, आपल्या गावच्या समर्थांच्या मारुतीला शनिवारी जाते. धर्म बदलावा असे मला वाटले नाही. पण पूर्वी माझी भक्ती देव्हाऱ्यापाशी सुरू होई आणि देव्हाऱ्यापाशीच संपे. आता ती परड्यापर्यंत आणि चुलीपर्यंत आली आहे. परक्या धर्माच्या माणसांनी मला माझ्याच घरातला धूळ बसलेला कोपरा दाखविला, त्यांचे उपकार मी का नाकारू? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा ही माणसे आपल्या भाषेचीच, आपल्या घरचीच आहेत.

शेवटी एक मागणे. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावाने २०२२ साली विधवांच्या अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला. आपले मंडळ दर संक्रांतीला हळदीकुंकू करते. यंदाच्या निमंत्रणावर 'सुवासिनींनी' यावे असे न छापता 'सर्व भगिनींनी' यावे असे छापावे. एका शब्दाचा बदल आहे, खर्च काहीच नाही. माझी जाऊ आज इथे मागच्या रांगेत बसली आहे. पुढच्या वर्षी ती पुढच्या रांगेत बसावी, एवढीच माझी इच्छा.