मुलांच्या कानी गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘मुलांना संगीताची गोडी कशी लावावी’ हा. मी गायिका नव्हे. बालपण गिरगावात गेले आणि पुढे परळच्या एका बालवाडीत तीस वर्षे मुले सांभाळली, एवढाच माझा अधिकार. रागदारीचे मर्म सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत.

‘गोडी लावणे’ हा शब्दप्रयोग मला थोडा खटकतो. गोडी ही काही कल्हई नव्हे, की भांडे तापवले आणि लावली. आपल्याला जे आवडते त्यात मुलाला वाटेकरी करून घ्यावे, एवढेच आपल्या हातात असते. पण घडते निराळेच. पोर चार वर्षांचे होते, जरा बरे गुणगुणते, की लगेच त्याला क्लासला घालायचे आणि पाहुणे आले की ‘म्हणून दाखव बघू काकांना!’ मूल आईच्या पदराआड तोंड लपवते, आई ओशाळते, आणि त्या दिवसापासून गाणे म्हणजे पाहुण्यांपुढची शिक्षा, असे त्या जिवाच्या मनात बसते. अशी मुले मी पुष्कळ पाहिली. गळा होता, पण गाणे गेले.

परीक्षांना मी नावे ठेवीत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ओवी आणि आरती सोडली तर घरात मोठ्याने गाण्याचीही चोरी होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 साली मुंबईला आणले. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी खपून कुलीन घरांची दारे गाण्याला उघडी केली. ‘तानसेन नाही झालो तर निदान कानसेन व्हावे’ असे आपण सहज म्हणतो. पण कानसेन घडवणे हे केवढे मोठे काम आहे ते त्या पिढीने ओळखले होते.

त्यांचेच एक शिष्य प्रोफेसर बी. आर. देवधर. त्यांनी 1925 साली आपल्या गिरगावात संगीताची शाळा काढली. त्या शाळेत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला, तो शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसेच गाऊन दाखवी. लोक थक्क होत. दुसरा एखादा असता तर त्याने त्या पोराला गावोगाव मिरवून पैसा केला असता. देवधरांनी त्याला शाळेत ठेवून वर्षानुवर्षे शिकवले. निरनिराळ्या घराण्यांच्या बुवा-खाँसाहेबांची त्या शाळेत ये-जा असे. त्यांचे गाणे कानावर पडे, त्यावर चर्चा चाले. नकलेतून स्वतःचे गाणे निघायला असा वेळ द्यावा लागतो. आपल्या घरी कुमार गंधर्व जन्मला नसेल, पण वेळ देणे तर आपल्याला जमेल ना?

भीमसेन जोशींची एक गोष्ट सांगतात. लहानपणी कर्नाटकात वाजंत्री दिसली की ते तिच्यामागून चालू लागत, थकले की वाटेत कुठेतरी झोपून जात. वडील शाळामास्तर. शोधाशोध करून कंटाळले आणि त्यांनी पोराच्या सदऱ्यावरच ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून टाकले! मला त्या वडिलांचे मोठे कौतुक वाटते. जाणे बंद केले नाही, परत येण्याची सोय केली.

आमच्या गिरगावच्या मुलांना वाजंत्रीमागे फार लांब जावे लागत नसे. गणेशोत्सवात ब्राह्मण सभेचे गाणे रस्त्यावर बसून ऐकायला मिळे. आम्ही पोरे आईच्या मांडीवर अर्धी झोपेत, अर्धी सुरात. कोण गात होते हे पुष्कळदा सकाळी कळे. पण कान तयार व्हायला तेवढे पुरे होते.

बालवाडीत मी मुलांकडून पहिल्यांदा गाणे म्हणवून घेत नसे. माँटेसोरीबाईंचा शांततेचा खेळ आम्ही खेळायचो. सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचे आणि मग काय काय ऐकू आले ते सांगायचे. बोहारणीची हाक, कावळा, नळाची धार, गिरणीचा भोंगा. पाच मिनिटे अशी गेली की मग गाण्याला मुले आपण होऊन कान टवकारत.

त्याच भोंग्याची आठवण निघाली म्हणून सांगते. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. आमच्याकडे लालबागच्या चाळीतला एक मुलगा होता. गाणी सुरू झाली की तोंड मिटून बसे. आई म्हणाली, ‘बाई, ह्याला गाण्याची आवडच नाही.’ पण त्याची बोटे डब्याच्या झाकणावर चालत, आणि ठेका चुकत नसे. चौकशी केली तेव्हा कळले, वडील गिरणीत कामाला आणि गावकऱ्यांच्या भजनात पखवाज वाजवणारे. संपापासून पखवाज खुंटीला आणि घरात कोणी फारसे बोलत नाही.

मी त्यांना निरोप धाडला. येतील असे वाटले नव्हते. आले, पखवाज फडक्यात गुंडाळून. डाव्या तोंडाला लावायला कणीक हवी म्हणाले. आमच्या मदतनीस बाईंनी खाऊच्या पोळ्यांच्या कणकेतला गोळा काढून दिला, तेव्हा मुलांना जी गंमत वाटली ती विचारू नका! वाद्याला पोळीची कणीक! वाजवायला लागले तसा त्यांचा मुलगा सरकत सरकत जवळ गेला, पखवाजाच्या खोडाला हात लावून बसला, आणि विठ्ठलाच्या गजराला त्याने असे तोंड उघडले की शेजारची मुले दचकली. वडील मान खाली घालून वाजवीतच राहिले. घरी काय चालले आहे ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. पुढे दर शनिवारी येत. पावसाळ्याच्या तोंडाला ते कुटुंब गावी गेले.

भगिनींनो, ‘माझा आवाज चांगला नाही हो’ असे आपल्यापैकी निम्म्याजणी म्हणतील. मूल पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकते आणि जन्मल्यावर तो ओळखते, हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. त्याला दुसऱ्या कोणाचा गळा नको असतो. मोबाइलवरची अंगाई सुरेल असेल, पण मुलाने डोळे मिटले तरी ती आपली चालूच! आई मात्र मुलाचा श्वास ऐकून आवाज हळू करते. एकच लक्षात ठेवा. मुलाचा गळा उंच असतो, त्याला आपल्या खालच्या पट्टीत ओढू नका. ते गुणगुणेल ती पट्टी आपण धरावी. तेच गाणे पन्नास वेळा मागितले तर पन्नास वेळा म्हणावे. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. आणि ‘बेसूर’ हा शब्द सहा वर्षांपर्यंत घरात उच्चारू नये.

यंदा भोंडल्याला बालवाडीच्या मुलांनाही बोलवावे, असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे. नातवंडांना घेऊन या, मुलगे असले तरी आणा. स्पर्धा नाही, बक्षिसे नाहीत. खिरापत मात्र दोन-तीनजणींनी आपल्याकडे घ्यावी, नावे आजच जाताना द्या.