आण्णांची चिठ्ठी



आज मी तुम्हांला एका चिठ्ठीची हकिकत सांगणार आहे. छत्तीस वर्षे मी मुलांना वाचायला शिकवले. तरी ती चिठ्ठी मला वाचता आली नाही.

आमचे थोरले बंधू आण्णा. त्यांना तंबाखूची सवय होती. गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "कॅन्सर आहे. किरणांचे शेक सुरू करू." मग एक चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. "यांना पॅलिएटिव्ह विभागातही दाखवा," असे म्हणाले.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. मी विचारले, "हा विभाग कसला हो?" ते म्हणाले, "तिथे शेवटचे रोगी पाठवतात."

माझ्या पोटात गोळा आला. मी चिठ्ठीची घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली. वहिनींना काही बोललो नाही.

पाच आठवडे चिठ्ठी खिशातच राहिली. ते दिवस आण्णांनी कसे काढले, काय सांगू! रात्र रात्र बसून राहत. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी येई. जखमेला वास येऊ लागला, तशी माणसे उंबऱ्यावरूनच परत जाऊ लागली. पुढे पुढे ते शेक घ्यायलाही नको म्हणू लागले.

एके दिवशी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी कागद मागितले. वहिनींनी माझा कोट झटकला आणि चिठ्ठी खाली पडली. नर्सबाईंनी ती वाचली. म्हणाल्या, "गुरुजी, ही शेवटची चिठ्ठी नव्हे. ही पहिल्या दिवसाची आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या विभागात गेलो.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द आपल्या तोंडी लवकर बसत नाही. पुस्तकांत उपशामक सेवा म्हणतात. मी म्हणतो, दुखणे हलके करणारी सेवा. रोगावरचा उपचार चालूच असतो. त्याच्या जोडीला ही सेवा चालते. वेदना, धाप, मळमळ, झोप न येणे, मनाची भीती, घरच्यांची ओढाताण, या सगळ्यांकडे ती पाहते. ती फक्त कॅन्सरसाठी नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड यांचे जुने दुखणे असो की अर्धांगवायू, तिथेही ती लागते. रोग कळला त्या दिवसापासून ती घेता येते.

हॉस्पिस ही तिचीच धाकटी वाट. रोग हटवणारे उपचार आता उपयोगाचे नाहीत असे ठरले, म्हणजे हॉस्पिसची वेळ येते. तिथे रोगाशी झुंज नसते. उरलेले दिवस सुखाचे जावेत एवढेच पाहतात. हॉस्पिस म्हणजे एखादी इमारत असते, किंवा ही सेवा घरीही मिळते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या बाई होत्या. त्या आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले.

बाकावरच्या गृहस्थांनी या दोहोंची गल्लत केली. मी ती खरी मानली.

अमेरिकेत बोस्टन शहरी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रोगी घेतले. रोग सगळ्यांचाच वाढलेला होता. निम्म्यांना नेहमीचा उपचार दिला. निम्म्यांना त्याच्या जोडीला ही सेवा सुरुवातीपासून दिली. २०१० साली निकाल छापून आला. सेवा मिळालेल्यांचे मन अधिक स्वस्थ होते. शिवाय ते साधारण अडीच महिने जास्त जगले.

त्या विभागात आण्णांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. हे औषध अफूपासून करतात. नाव ऐकून वहिनी घाबरल्या. "भाऊजी, यांना व्यसन लागेल!" डॉक्टरांनी समजावले, दुखण्यासाठी सांगितल्या मापाने घेतले तर ती भीती फार थोडी. बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून सोबत रेचक देतात. गोळी घड्याळ पाहून द्यायची, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही, एकाची दुसऱ्याला द्यायची नाही. पूर्वी १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला.

जखमेवर दुसऱ्या एका गोळीची पूड टाकायला नर्सनी शिकवले. वास कमी झाला. शेजारचे तात्या पुन्हा येऊन बसू लागले. आण्णांनी राहिलेले शेक पुरे केले.

सव्वा वर्षाने रोग उलटला. या वेळी डॉक्टर म्हणाले, आता शेकाचा उपयोग नाही. मग त्यांनी आण्णांनाच विचारले, "कुठे राहायला आवडेल?" मला हे आवडले. आपल्याकडे रोग्याला कोण विचारतो? आण्णा म्हणाले, "माझ्या ओसरीवर." तिथेच ते गेले. वेदना अगदी नव्हती असे नाही, पण झोप लागे, आणि माणसे ओळखत होते.

तुमच्या घरी असे दुखणे असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा, "पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?" या सेवेसाठी २०१२ सालापासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पुण्यात वारज्याला कॅन्सरच्या रोग्यांसाठी १९९७ पासून असे एक केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत. जाताना सगळे जुने कागद न्या. खिशातलेही.

एक सांगायचे राहिले. वहिनी त्याच वर्षी प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. गोळ्यांच्या वेळा त्यांनी वर्गाच्या वहीत लिहून ठेवल्या : सकाळी ६, मग १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० ला दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. हे माप आण्णांचे, प्रत्येकाचे वेगळे असते. गोळी दिली की पुढे बरोबरची खूण. पहिली काही पाने वेडीवाकडी आहेत, पण एकही खूण चुकलेली नाही. ती वही मी आज आणली आहे. पाहायची असेल त्यांनी पुढे यावे.