इंजिन बदलतांना

नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यांत, कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गांवीं, जुन्या जीपचें इंजिन व गियरबॉक्स बदलावयाचे झाले तर मिस्त्रीची कसोटी कप्पीनें इंजिन उचलण्यांत नसते. गियरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटीच्या खांचांत अलगद शिरला पाहिजे. तो अडला कीं उतावळा कारागीर बोल्ट आवळून दोन्ही अंगें ओढून घेतो. भार प्लेटीवर लोंबतो, ती वांकते. मग गियर टाकतांना करकर, आणि सारें पुन्हा उतरविणें आलें. मजुरी अर्थात् मालकाचीच! जाणता मिस्त्री जुन्या गियरबॉक्सांतील दांड्यानें प्लेट आधीं मधोमध बसवितो, खालीं जॅक देतो, गियर टाकून मागलें टोक किंचित् फिरवितो. खांचा आपोआप जुळतात. नोंदणीपुस्तकांतला इंजिनाचा क्रमांक मात्र परिवहन कार्यालयांत मालकानेंच बदलून घ्यावयाचा असतो.