नोकरी सांभाळून मोजणीची विद्या



दिवसभर कचेरींत, कारखान्यांत किंवा शाळेंत राबून संध्याकाळीं एखादी नवी विद्या पदरांत पाडून घेऊं पाहणारी मंडळी आपल्या शहरांतून आतां कांहीं अपूर्वाईची राहिलेली नाहीं. हिशेबाचें काम, एखादी परभाषा, नकाशे काढण्याची कला, हे विषय अशा सांजवर्गांत सुखानें सामावतात. जमीनमोजणीचा विषय मात्र तेथें नीट सामावत नाहीं. त्याचें कारण अगदीं साधें आहे. वर्ग भरतो तेव्हां मोजावयाची जमीन अंधारांत गडप झालेली असते! तरीहि ही विद्या नोकरी सांभाळून शिकतां येते, असें माझें मत आहे. परंतु तिचा कोणता भाग रात्रीचा आणि कोणता दिवसाचा, याचा विवेक शिकविणाऱ्यानें व शिकणाऱ्यानें आधींच केला पाहिजे. आज त्याविषयींच कांहीं सांगावयाचें आहे.

फावल्या वेळांत मोजणी शिकलेल्या माणसांत सर्वांत प्रसिद्ध नांव अमेरिकेच्या अब्राहम लिंकनचें. १८३३ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, हा गृहस्थ इलिनॉय राज्यांतील न्यू सालेम नांवाच्या खेड्यांत पोस्टमास्तर होता. त्या पोस्टावर पोट भरण्यासारखें नव्हतें. इतक्यांत सँगमन परगण्याच्या मोजणी-अधिकाऱ्यास एक मदतनीस हवा झाला. लिंकनला त्या विद्येचा गंध नव्हता. त्यानें एक होकायंत्र व एक साखळी पैदा केली, फ्लिंट आणि गिब्सन यांचीं पुस्तकें मिळवून त्यांचा थोडाबहुत अभ्यास केला आणि तो कामास लागला. गांवच्या शाळामास्तराला हाताशीं धरून त्यानें रात्री जागविल्या आणि सहा आठवड्यांत ही विद्या हस्तगत केली, अशी तिकडे आख्यायिका आहे. पुढें कर्जापायीं त्याचा घोडा आणि मोजणीचीं उपकरणें लिलावांत गेलीं. एका शेजाऱ्यानें तीं विकत घेऊन त्यास परत दिलीं, म्हणून धंदा टिकला. १८३६ सालीं त्यानें पीटर्सबर्ग गांवाची आंखणीहि केली.

ही हकीकत स्फूर्तिदायक आहे खरी. परंतु तिच्यावरून सहा आठवड्यांचा हिशेब कोणीं मांडूं नये. लिंकनपुढें जी जमीन होती तिच्यावर १७८५ च्या कायद्यानें ठरलेले एकेक मैलाचे चौकोन सरकारनें आंखून दिलेले होते. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. त्या चौकोनांच्या पोटांत नव्या रेषा ओढावयाच्या, हें त्याच्या कामाचें मुख्य रूप. आपल्या मोजणीदारास नवी रेषा क्वचितच ओढावी लागते. आजोबांच्या वेळीं ओढलेली, चुलत्यानें अर्धवट पुसलेली आणि दोन पिढ्यांनीं नांगराच्या फाळानें कोरलेली जुनी रेषा त्याला हुडकून काढावयाची असते. हें काम कठीण आहे, आणि त्याला गणिताइतकीच माणसांची पारख लागते.

आपल्याकडील मोजणीचा इतिहासहि विद्यार्थ्यास आरंभींच सांगावा, असें मला वाटतें. १८२७ नंतरच्या वर्षांत पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबानें केलेली मोजणी सदोष निघाली. चुकीच्या क्षेत्रावर चुकीचा सारा बसला आणि रयत जेरीस आली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून कामाची नव्यानें उभारणी केली. त्यांतूनच मुंबई इलाख्याची मोजणीपद्धति सिद्ध झाली आणि आपल्या गांवोगांवच्या नकाशांचें मूळ तेथें आहे. मोजणीची चूक कागदावर राहत नाहीं, ती कोणाच्या तरी चुलीपर्यंत जाऊन पोंचते, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या मनावर ठसविण्यास याहून मोठें उदाहरण शोधावयास नको.

त्या पद्धतीचें अंकगणित मोठें गोड आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. म्हणजे लांबीच्या साखळ्यांना रुंदीच्या साखळ्यांनीं गुणलें कीं थेट गुंठेच हातीं येतात! आठ साखळ्या लांब आणि पांच साखळ्या रुंद तुकडा म्हणजे बरोबर एक एकर. त्रिकोणाचा पाया बारा साखळ्या आणि लंब पांच साखळ्या असेल तर तीस गुंठे. शेत कितीहि वेडेंवांकडें असो, मधून एक सरळ रेषा धरावी, शंकूच्या साहाय्यानें तिच्यावर काटकोनांत लंब टाकावे आणि त्रिकोण व चौकोन पाडून क्षेत्र काढावें. आज हेक्टर व आर आले आहेत, आणि एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर हें ध्यानांत ठेवावें लागतें. तरी जुनें टिपण वाचावयाचें तर साखळी आणि आणे यांची भाषा आलीच पाहिजे. यंत्रें विकणाऱ्यांना हें सांगण्याची गरज वाटत नाहीं. शिकविणाऱ्यांना तरी वाटावी.

हें सारें रात्रीच्या वर्गांत उत्तम शिकतां येतें, आणि चुकांचा हिशेबहि येथेंच शिकावा. समजा, वापरून वापरून साखळी तीन इंचांनीं ताणली गेली आहे. मोजणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. तो आपला ३३ फूट म्हणून नोंद करीत जातो. दहा एकर म्हणून त्यानें लिहिलेलें क्षेत्र वास्तविक दहा एकर सहा गुंठ्यांचें असतें! शहरालगत सहा गुंठ्यांवर तीन चार घरें उभीं राहतात. तसेंच कोनाचें. एका कलेची चूक म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पण शंभर मीटरांवर ती सुमारें तीन सेंटिमीटर होते. पांच बाजूंच्या आकृतीचे आंतले कोन मिळून ५४० अंश भरले पाहिजेत. न भरले तर कमीजास्त कोठें झालें याचा शोध घ्यावा, आंकडे दडपून जुळवूं नयेत. दिवसभर खतावणी लिहून आलेल्या कारकुनाला ही शिस्त कॉलेजांतील पोराहून लवकर कळते. प्रौढ विद्यार्थ्याचा हा मोठा फायदा आहे, आणि पुष्कळांना तो आपला आपल्याला ठाऊक नसतो.

रात्रीचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे ध्रुवतारा. उत्तर दिशा निश्चित करण्यास होकायंत्रावर विसंबणें आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलुखांत धोक्याचें. त्या दगडांत लोहाचा अंश असल्यामुळें सुई ठिकठिकाणीं बहकते. ध्रुव बहकत नाहीं. पुण्यांत तो क्षितिजापासून सुमारें साडेअठरा अंश उंच दिसतो. स्थळाचे अक्षांश जितके, जवळजवळ तितकीच त्याची उंची. मात्र तोहि खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोड्या कमी अंतरावरून फिरत असतो. वेळ न पाहतां त्यालाच उत्तर समजलें तर शंभर मीटरांवर मीटरभराची चूक पदरांत पडूं शकते. गच्चीवर यंत्र मांडून, घड्याळ हाताशीं ठेवून केलेला हा एक प्रयोग दहा व्याख्यानांच्या तोडीचा आहे.

आतां दिवसाचा भाग. यासाठीं रविवारावांचून गति नाहीं. यंत्र तिवईवर सारखें कसें बसवावें, साखळी उतारावर आडवी कशी धरावी, काठी धरणाऱ्या सोबत्याला खुणेनें इकडेतिकडे कसें हलवावें, हें पुस्तकांतून येत नाहीं. ऋतूचाहि विचार हवा. पावसाळ्याचे चार महिने गणित, कागदपत्रें आणि कायदा यांना द्यावे. ऊंस उभा असला म्हणजे दृष्टि पोंचत नाहीं. सुगी होऊन रान मोकळें झालें कीं बांध स्वच्छ दिसूं लागतात, तोच खरा मोसम. उन्हाळ्यांत दुपारीं तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते कीं दुर्बिणींतून काठीवरचा आंकडा नाचतांना दिसतो. म्हणून भल्या सकाळीं कामास लागावें. रविवारींहि दुपारपर्यंत झोपण्याची ज्याला हौस आहे, त्यानें दुसरा विषय निवडलेला बरा.

रानांत गेल्यावर शिकण्याची मुख्य गोष्ट मोजणें ही नव्हे, तर पुरावा पारखणें ही होय. दोन भावांत एक शेत वांटलें आहे. मधला बांध दहा साखळ्या लांब. वर्षानुवर्षें एकानें एका टोंकाकडून थोडाथोडा बांध कोरला आणि तें टोंक आठ आण्यांनीं, म्हणजे अर्ध्या साखळीनें, सरकलें. त्रिकोणाचें क्षेत्र काढून पाहा: अडीच गुंठे गेले! तेवढ्यावरून बोलणें बंद होतें, लग्नाच्या अक्षता परस्परांकडे जात नाहींत, आणि वकिलाच्या पायऱ्या झिजतात. अशा शेतांत उभ्या राहिलेल्या मोजणीदारानें आजचा बांध मोजून चालत नाहीं. मूळ टिपण काय म्हणतें, हद्दीचा दगड जागेवर आहे कीं कोणीं उचलून बसविला आहे, शेजारचे नंबर नकाशाशीं जुळतात काय, आणि सातबाऱ्यावरचें क्षेत्र कोणत्या फोडणीनंतरचें, हें सर्व ताडून पाहावें लागतें.

येथें कोणी म्हणेल, कीं आतां उपग्रहांवरून जागा सांगणारीं यंत्रें आलीं, २०२० सालापासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांवर ड्रोन फिरले, मग साखळीचें पुराण कशाला? नवीं यंत्रें अवश्य शिकावींत. त्यांनीं कष्ट वांचतात आणि सूक्ष्मता वाढते. परंतु यंत्राची काठी जेथें टेकाल तेथली जागा तें सेंटिमीटरापर्यंत सांगेल, काठी कोठें टेकावी हें सांगणार नाहीं. चुकीच्या दगडावर टेकलेली काठी चुकीची हद्द फार बिनचूकपणें मोजते! कागद पाहून आणि रान पाहून काठीची जागा ठरविणें हें मोजणीदाराचें काम, आणि त्यासाठीं जुनें टिपण त्याच्या हातांत बोललें पाहिजे.

ज्यांना हा अभ्यास पत्करावयाचा आहे त्यांनीं फी भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. वर्षांत रानांतले दिवस किती? एका यंत्रामागें विद्यार्थी किती? दहांच्या वर असतील तर बहुतेकांच्या वांट्याला काठी धरणेंच येईल. जुनीं टिपणें व गांवनकाशे वाचावयास शिकवितात कीं नाहीं? आणि मिळणारें प्रमाणपत्र कोण मानतो? हा शेवटचा प्रश्न लेखी उत्तर घेऊनच सोडावा. खाजगी मोजणी आणि सरकारी मोजणी यांचे अधिकार निराळे असतात आणि परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. संपूर्ण मोजणी घरबसल्या शिकवूं म्हणणाऱ्या वर्गाकडे मीं तरी कोणाला पाठविणार नाहीं. गणितापुरता तो चालेल.

वर्ग सुरू होण्यास अवकाश असेल तर तोंवर एक काम करतां येईल. आपल्या गांवच्या एका नंबराचा सातबारा व नकाशाची नक्कल घ्यावी, एखाद्या रविवारीं सकाळीं त्या शेताच्या बांधानें सबंध फेरी मारावी, शेजारच्या जाणत्या म्हाताऱ्यास बरोबर न्यावें, आणि तो जेथें जेथें “इथं पूर्वी दगड होता” असें म्हणेल ती जागा पावलें मोजून नक्कलेवर शिसपेन्सिलीनें टिपून ठेवावी.