उद्योग उभा राहिला, पुढे?

बाईनं उद्योग सुरू केला की कौतुक होतं. तो टिकवणं म्हणजे मात्र देणी-येणी निस्तरणं. कल्याणमध्ये फर्निचरच्या दुकानापासून व्यवसाय वाढवणाऱ्या कल्पना सरोज आठवा. तिथंच थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती! पण बुडत्या कमानी ट्यूब्जचे कामगार मदत मागायला आले. कंपनीवर शंभर कोटींहून अधिक कर्ज, कोर्टात खटले, पगार थकलेले. सरोजबाईंनी आधी बँकांना गाठलं, व्याज-दंडाचा बोजा कमी करून घेतला. २००६ मध्ये कंपनी ताब्यात आल्यावर कामगारांची देणी फेडली. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या गल्लीतल्या पोळीभाजीवालीचे आकडे लहान. पण उधारी मागायला गेली की तिला अजूनही ऐकावं लागतं, ‘मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’